निसर्गचित्रकारांची प्रश्नोत्तरे: सोलापूरचं ऊन, उत्तरेची खिडकी आणि फोटोची सवय

या वेळी आलेली बहुतेक पत्रं सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली आहेत. जलरंगाबद्दलच्या पुष्कळशा सूचना थंड, दमट हवेत काम करणाऱ्यांनी लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा इथे वापरल्या की एप्रिल महिन्यात फसतात. म्हणून उत्तरं इथली हवा, इथला प्रकाश आणि इथली माती धरून दिली आहेत. प्रश्न जागेअभावी थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) अर्ध्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळतो आणि मध्येच रेघ उमटते. कूलर लावला तर कागद फुगतो. पाण्यात ग्लिसरीन घालावं असं एकाने सुचवलं. घालावं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : ओल्या रंगाची कड सगळ्यात आधी वाळते. ती वाळताना आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं, सोबत रंगाचे कण येतात आणि तिथे गडद रेघ साचते. पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी असली की हे बघता बघता घडतं. कड अर्धवट वाळलेली असताना भरलेला ब्रश पुन्हा लावला, तर नवं पाणी जुन्या रंगाला बाजूला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. वाळायला लागलेल्या वॉशमध्ये परत जायचं नाही, हा नियम इथे दुप्पट कडक पाळावा लागतो.

सुरुवात कागदापासून करा. ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटनचा कागद लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा जास्त वेळ ओल धरतो. पाव इम्पीरिअल ताव (११ बाय १५ इंच) घ्या. दोन इंची सपाट ब्रशने आधी मागची बाजू भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग पुढची भिजवा आणि कागद अ‍ॅक्रिलिकच्या किंवा सनमायका लावलेल्या फळीवर ठेवा. उघडं प्लायवूड मागची ओल पिऊन टाकतं, ते नको. मागून ओल मिळत राहिली की पुढचा वॉश दुप्पट वेळ कामाचा राहतो. कागद तिरका धरून बघा: पृष्ठभाग लखलखत असेल तर थांबा, लखलखाट जाऊन मंद चकाकी उरली की ढगांच्या मऊ कडांची वेळ, चकाकी पूर्ण गेली की ब्रश खाली ठेवा.

रंग आधी कालवून ठेवा. या मापाच्या आकाशाला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिली पातळ रंग वाटीत तयार हवा. अर्ध्यावर रंग संपला आणि तुम्ही नवा कालवत बसलात, की रेघ ठरलेलीच. फळीला दहा-पंधरा अंशांचा उतार द्या, मोठा मॉप (गोल, मऊ, भरपूर पाणी धरणारा ब्रश) किंवा दीड इंची सपाट ब्रश वापरा, प्रत्येक पट्ट्याच्या खाली रंगाची भरलेली धार राहू द्या आणि ती धार पुढच्या पट्ट्यात ओढत न्या. सगळं आकाश दीड मिनिटात व्हायला हवं. बारीक ब्रशने ते होत नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथेच असतो.

कूलर बंद करू नका, त्याचं तोंड भिंतीकडे करा. खोलीतली दमट हवा तुमच्या फायद्याची आहे. नुकसान करतो तो झोत, कारण तो वॉश एका बाजूने वाळवतो. अर्धा तास आधी कूलर चालवून खोली ओलसर करा आणि वॉशच्या वेळी छताचा पंखा आठवणीने बंद ठेवा. कागद फुगतो तो हवेतली ओल शोषून. त्यासाठी तो आधी ताणून घ्या: पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवा, फळीवर पसरा, दोन इंची तपकिरी गम टेपने चारही कडा चिकटवा आणि सावलीत आडवा वाळवा. लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलात तर एक बाजू आधी आकसते आणि टेप तरी सुटते नाहीतर कागद तरी फाटतो.

आता ग्लिसरीन. १०० मिली पाण्यात चार-पाच थेंब, त्याहून जास्त नाही, आणि तेही फक्त आकाशाच्या आणि दूरच्या जमिनीच्या वॉशला. जास्त झालं की रंग चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात तोच थर हवेतली ओल ओढून घेतो. शेवटच्या गडद छटांत एक थेंबही नको.

प्रश्न : गच्चीवर स्टुडिओसाठी खोली बांधतोय. 'उत्तरेचा प्रकाश' घ्यावा असं सगळे सांगतात, पण शेजाऱ्याच्या उत्तरेच्या खिडकीतून मेमध्ये चक्क ऊन येतं. मग त्याचा उपयोग काय? (होटगी रोड)

उत्तर : उपयोग आहे, पण खिडकी सोलापूरच्या हिशेबाने बांधावी लागेल. उत्तरेच्या प्रकाशाचा सल्ला युरोपातून आलेला आहे, तिथे उत्तरेच्या खिडकीला ऊन फारसं लागतच नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरकं ऊन येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो. २१ जूनला जेमतेम सहा अंश.

दुपारचं ऊन जवळजवळ उभं पडतं, त्यामुळे दीड फुटाचा छज्जा ते अडवतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन खालून आणि बाजूने शिरतं, तिथे छज्जा कुचकामी. खिडकीच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या अंगाला दीड-दोन फुटांच्या उभ्या पडद्या बांधून घ्या आणि आतून पांढरं पातळ सुती कापड सोडा. खिडकीची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर असावी आणि वरची जवळपास छताला भिडावी. प्रकाश वरून उतरला तर चित्रावर चमक येत नाही. उजव्या हाताने काम करत असाल तर खिडकी डावीकडे, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडणार नाही.

भिंती फिकट राखाडी किंवा मळकट पांढऱ्या ठेवा. पोपटी-गुलाबी भिंत चित्रावर आपला रंग टाकते. लाल कोबा असेल तर ईझलखाली राखाडी सतरंजी अंथरा, नाहीतर जमिनीवरून उसळणारा तांबूस उजेड खऱ्यापेक्षा उबदार रंग दाखवतो. भडक रंगाचा शर्टसुद्धा ओल्या तैलचित्रात उतरतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

रात्रीसाठी ५००० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० किंवा त्याहून जास्त असलेले दोन एलईडी लावा आणि चित्र व पॅलेट दोन्हीवर तोच उजेड पडेल असं बघा. दुकानात सहज मिळणारा ६५०० केल्विनचा दिवा निळसर असतो. त्याच्याखाली तुम्ही नकळत पिवळा-तांबडा वाढवता आणि सकाळी चित्र तापलेलं दिसतं. पिवळ्या बल्बखाली नेमकं उलट होतं. पत्र्याचं छप्पर घालणार असाल तर खाली फॉल्स सीलिंग हवंच. तापलेल्या खोलीत कॅनव्हासही टिकत नाही आणि माणूसही.

प्रश्न : ज्वारीच्या रानाचं चित्र काढलं की काळी माती चित्रात भोकासारखी दिसते. दूरच्या टेकड्या निळ्या केल्या तर त्याही खोट्या वाटतात. (मंगळवेढा)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. डोळ्यांनी बघण्याआधी आपण नावाने रंगवतो. मातीला 'काळी' म्हटलं की हात काळ्याच्या ट्यूबकडे जातो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत टोनच्या, म्हणजे उजळ-गडदपणाच्या, नऊ पायऱ्या केल्या आणि पांढरा १, काळा ९ धरला, तर मेच्या उन्हातली कोरडी काळी माती पाच-सहाच्या आसपास बसते. पाऊस पडून गेल्यावर तीच आठवर जाते. नववी पायरी फक्त भेगांच्या आतली, ढेकळांच्या खालची. सगळं रान आठवर रंगवलं की भेगांना जागाच उरत नाही आणि जमीन सपाट दिसते.

कोरड्या मातीसाठी अल्ट्रामरीन १ भाग, बर्न्ट सिएना २ भाग, भरपूर पाणी आणि अगदी थोडा यलो ऑकर. ढेकळांच्या वरच्या अंगावर आकाश उतरतं, तिथे अल्ट्रामरीन किंचित वाढवा. उन्हाच्या बाजूला ऑकर वाढवा. भेगांना बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन दाट. पायाशी चार-सहाच भेगा नीट काढा आणि मागे जाताना त्या पटापट चपट्या, बारीक करत संपवा. मधल्या पट्ट्यानंतर एकही भेग नको. कापणीनंतरची धसकटं रंग वाळल्यावर काढू नका. ओलसर रंगात ब्रशच्या दांड्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने ओरखडा, उजळ रेघ आपोआप निघते.

टेकड्यांचं उत्तर ऋतूत आहे. पाऊस सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली असते. हवेचे सूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून दूरचं निळं दिसतं. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते. धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, त्यामुळे दूरचं निळं न होता पांढुरकं, मातकट होतं. तेव्हा उन्हाळ्यातल्या क्षितिजाला सेरुलियनच्या पातळ वॉशमध्ये यलो ऑकर आणि लाइट रेडचा स्पर्श द्या. टेकडी आणि तिच्यामागचं आकाश यांच्यात एकाच पायरीचा फरक ठेवा. दोन पायऱ्या झाल्या की टेकडी पुढे येते.

प्रश्न : फोटोवरून चित्र चांगलं होतं, जागेवर गेलो की काही सुचत नाही. शिवाय तीन वर्षांतली चित्रं एकमेकांसारखीच दिसतात. वाढ थांबली आहे का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : वाढ थांबलेली नाही, निर्णय घेण्याची सवय मोडली आहे. काय घ्यायचं, काय सोडायचं, किती गडद ठेवायचं, हे फोटोने आधीच ठरवून दिलेलं असतं. तुम्ही उरलेलं काम करता. आणि फोटोचे निर्णय बरेचदा चुकीचे असतात. मोबाइलची रुंद लेन्स समोरची जमीन पसरवते आणि दूरचं शिखर बारीक करते. सावली धरली तर आकाश पांढरं पडतं, आकाश धरलं तर सावलीत काळा गोळा उरतो. डोळ्याला मात्र सावलीतले रंग दिसत असतात. फोटो घ्यायचाच तर दुप्पट झूमवर घ्या आणि दोन घ्या: एक आकाशावर बोट ठेवून, एक सावलीवर.

जागेवर काही सुचत नाही, कारण तिथे पोचल्याबरोबर तुम्ही मोठं चित्र सुरू करता. पुढचे दोन महिने मोठं चित्र बंद ठेवा. एकच जागा निवडा, घराजवळची. भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि बुरूज, किंवा हिप्परग्याच्या तलावाचा काठ. सुंदर असायलाच हवी असं नाही, पुन:पुन्हा जाता येईल अशी हवी. आठवड्यातून दोनदा जा, एकदा सकाळी साडेसहा-सातला, एकदा संध्याकाळी.

पहिला अर्धा तास फक्त वहीत. ५ बाय ७ सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि ४ बी पेन्सिलीने प्रत्येकीत तीनच टोन वापरा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, गडद. एका चौकटीला पाच मिनिटं. डोळे बारीक करून बघा. बारीक केल्यावर जे दोन आकार एक झालेले दिसतात, ते चौकटीतही एकच काढा. उन्हातला तट आणि उन्हातली जमीन एक झाली तर होऊ द्या. या एकत्र करण्यालाच रचना म्हणतात, आणि तुमच्या चित्रांत बहुधा नेमकी तीच नाही. बुरूज वेगळा, झाड वेगळं, माणूस वेगळा असे सुटे तुकडे असले की प्रत्येक चित्र सारखंच दिसतं.

सहा चौकटींतली एक निवडा, वीस मिनिटांत पोस्टकार्डाएवढा रंगाचा टिपण-नमुना करा आणि कडेला शब्दांत लिहा: 'तटाची सावली जांभळट, टोन ६, त्यात खालून मातीचा तांबूस उजेड, आकाश तटापेक्षा फिकट, पण पांढरं नाही.' दोन महिन्यांनंतर घरी मोठं चित्र करायची वेळ आली की ते नमुना केला त्याच संध्याकाळी, फक्त नमुन्यावरून आणि नोंदींवरून करा, फोटो बंद ठेवून. जिथे अडेल तिथे ती गोष्ट जागेवर बघायची राहिली होती, असं समजा आणि पुढच्या फेरीत तेवढीच बघून या. फोटो शेवटी उघडा, तोही खिडक्यांची संख्या किंवा फांदीचा कोन तपासायला.

महिनाअखेरीस सगळी चित्रं एका भिंतीवर लावा, उलटी. उलट्या चित्रात विषय दिसत नाही, टोनचे आकार दिसतात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने एकच उणीव लिहा. जी उणीव सगळ्यात जास्त वेळा येईल, तेवढीच पुढच्या महिन्यात धरा. कडा सगळ्याच कडक आहेत असं निघालं तर महिनाभर फक्त कडा. रंग, हाताळणी, शैली सगळं एकदम सुधारायला गेलात तर काय कशामुळे बदललं ते कळत नाही.

एकाच जागेचा कंटाळा येईल, हे खरं. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात कोटितीर्थाचा परिसर पुन:पुन्हा रंगवला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०-९१मध्ये गवताच्या गंजींची अख्खी मालिका केली. जागा तीच राहिली की बदलणारा प्रकाश दिसायला लागतो. स्वतःची शैली वेगळी शोधत बसू नये असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : सिद्धेश्वर मंदिराचं तलावातलं प्रतिबिंब म्हणून मी मंदिराची उलटी प्रत काढते, तरी पाणी पाण्यासारखं वाटत नाही. (कला महाविद्यालयातील विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : पाण्यात दिसतं ते तुम्ही काठावरून बघता त्या मंदिराची प्रत नसते. पाणी ते मंदिर खालच्या बाजूने बघतं. त्यामुळे प्रतिबिंबात छज्जांच्या, कमानींच्या खालच्या बाजू जास्त दिसतात आणि पायऱ्यांचे वरचे सपाट भाग जवळजवळ नाहीसे होतात. काठावरून मंदिर आणि शिखराच्या मागचं झाड जेवढं दिसतं, तेवढं ते प्रतिबिंबात दिसत नाही. मागे असलेली वस्तू पुढच्या वस्तूआड जास्त लपते.

टोनचा नियम सोपा आहे: उजळ वस्तूचं प्रतिबिंब एक पायरी गडद, गडद वस्तूचं एक पायरी फिकट. गडद प्रतिबिंबात आपल्याला पाण्याच्या आत दिसतं, म्हणून तिथे पाण्याचा स्वतःचा हिरवट-मातकट रंग मिसळा. आकाशाच्या उजळ प्रतिबिंबात तो रंग दिसत नाही. वारा असेल तर प्रतिबिंब तुमच्याकडे उभं लांबतं आणि आडव्या रेघांनी तुटतं. ते मूळ वस्तूपेक्षा लांब काढायला घाबरू नका. कागद ओलसर असताना सगळं प्रतिबिंब एकाच दमात उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढा, मग स्वच्छ, पिळलेल्या सपाट ब्रशने दोन-तीन आडव्या पट्ट्या उचला. दोन-तीनच.

प्रश्न : तैलचित्रात काही भाग मंद, कोरडे दिसतात, एका चित्राला भेगा गेल्या, दुसरं ट्रंकेत पिवळं पडलं. (पंढरपूर)

उत्तर : मंद भागात तेल खालच्या थरात शोषलं गेलं आहे. कॅनव्हासवर गेसोचा (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा) एकच पातळ हात असेल, किंवा भिंतीच्या डिस्टेंपरने अस्तर केलं असेल तर असं होतं. गेसोचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. झालेल्या चित्रासाठी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन, रंग हाताला पूर्ण वाळल्यावर, मऊ फडक्याने मंद भागावर अगदी पातळ चोळा आणि जास्तीचं पुसून घ्या.

भेगा जातात त्या सावकाश वाळणाऱ्या थरावर लवकर वाळणारा थर चढवल्याने. अंबर एक-दोन दिवसांत वाळतो, आयव्हरी ब्लॅकला आठवडा किंवा जास्त लागतो. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, मधला दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग तेल, शेवटचा समप्रमाणात; वर जाताना तेल वाढत गेलं पाहिजे. आपल्याकडे टर्पेंटाइन भराभर उडतं म्हणून वरचे थरही टर्पेंटाइनने सैल करायचा मोह होतो, तो टाळा. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. ट्रंकेतलं चित्र काही आठवडे उजेडात, पण थेट उन्हात नाही, ठेवा. पिवळेपणा बराच उतरेल. व्हार्निश पातळ चित्रालाही सहा महिन्यांनंतरच.

एक गोष्ट विचारली नाही, तरी सांगणं गरजेचं आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. इथल्या उन्हाळ्यात बंद खोलीत तर फारच. त्या बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

प्रश्न : शासकीय रेखाकला परीक्षेची इंटरमिजिएट झाली. आता चोवीस रंगांची पेटी घेऊ की सुट्या ट्यूब? (बार्शी)

उत्तर : सुट्या, सातच: अल्ट्रामरीन (पीबी २९), सेरुलियन, यलो ऑकर (पीवाय ४३), एक लेमन यलो, बर्न्ट सिएना (पीबीआर ७), लाइट रेड आणि क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९). कंसातला रंगद्रव्याचा क्रमांक ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो बघूनच घ्या. अलिझरिन क्रिमसनच्या ट्यूबवर पीआर ८३ असेल तर नको. तो उजेडात उडतो. हिरवा विकत घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि लेमन यलोच्या हिरव्यात बर्न्ट सिएना घातला की बाभळीचा राखी हिरवा निघतो, सेरुलियन आणि लेमन यलोतून कोवळ्या उसाचा. आधी या सातांतून हिरव्याच्या तीस छटांचा एक ताव करा, प्रत्येकीखाली प्रमाण लिहा, आणि तो ताव टेबलासमोर लावून ठेवा.